शर्ट काढायची लाज

सुट्टीत पोहायला नको म्हणणारी सगळीच मुलं पाण्याला भीत नाहीत. काहींना शर्ट काढायचा नसतो. माझ्या छातीच्या मधोमध आमटीची वाटी बसेल एवढा खड्डा आहे, त्यामुळे ही लाज मला चांगली ठाऊक आहे. त्यात आमचं बडोदं! प्रो. माणिकरावांच्या आखाड्याचं नाव ऐकत मोठं व्हायचं आणि मल्लखांबाला उघड्या अंगाने उभं राहायचं. "लहानपणी पडलास का रे?" असं विचारणाऱ्या काकूंना सांगून ठेवतो: नाही. आणि आईने दूध कमी पाजलं म्हणूनही नाही.

डॉक्टर याला पेक्टस एक्सकॅव्हेटम म्हणतात. बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा वाजवीपेक्षा जास्त वाढतात आणि ते हाड आत ढकललं जातं. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त दिसतं. वयात येताना उंची वाढते, तसा खड्डाही बहुधा खोल होतो. म्हणजे आरशासमोर तासभर उभं राहायचं वय, नेमकं तेव्हाच!

"जोर मार, भरून निघेल," असं जिममध्ये हमखास ऐकायला मिळतं. हाड जोरांनी वर येत नाही. पण पाठ-खांदे बळकट झाले की पोक कमी होतं, आणि पोक काढल्यावर खड्डा दुप्पट दिसतो हे माझे जुने फोटो सांगतात.

मला धीर आला तो कोडी मिलरला पाहून. हा अमेरिकन जलतरणपटू, छाती अशीच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ५८.८७ सेकंदांत कांस्य, शिवाय मेडले रिलेत सुवर्ण. तेही जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर. मग मीही तलावावर जाऊ लागलो. पहिले दोन आठवडे लोक बघतात, नंतर ज्याला त्याला आपापल्या पोटाची काळजी.

मात्र खेळ वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल किंवा मुलगा फार उंच, लांब बोटांचा असेल, तर हृदयाचा इको हवाच. मार्फन सिंड्रोममध्ये महाधमनीला धोका असतो. खड्डा किती खोल हे सीटी स्कॅनवर हॅलर इंडेक्सने मोजतात. तो ३.२५ च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. डॉ. डोनाल्ड नस यांच्या पद्धतीत हाडाखालून धातूची वाकवलेली पट्टी सरकवतात आणि दोन-तीन वर्षांनी काढतात. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि पालकांनो, दवाखान्यात मुलाबरोबर एकानेच जा. आजी, मावशी, आत्या अशी वरात नको.