नाव चालविणारा आणि नावेत बसणारा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची एक वसाहत उजेडात आणली. नदीचे पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट तेथे सापडला, धान्याचे कोठार सापडले, आणि त्या कोठाराला लागूनच पाच खोल्यांचे एक मोठे घरही सापडले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे अनुमान उत्खनन करणाऱ्यांनी काढले. माशांची हाडेही मिळाली. म्हणजे नदीवर पोट भरणारी माणसे तेव्हाही होती. पाणी सर्वांच्या दारावरून वाहते, परंतु त्याचा पाट कोणी काढावयाचा आणि त्यावर पिकलेल्या धान्याची किल्ली कोणाच्या हाती राहावयाची, हा प्रश्न या खोऱ्याला नवा नाही.

हीच घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा खाली उजनीच्या जलाशयात विसावते. या जलाशयावर हिवाळ्याच्या पहाटे दोन प्रकारच्या होड्या निघतात. एक मच्छीमाराची. आदल्या सायंकाळी टाकलेले जाळे उजाडण्यापूर्वी उचलावे, मासळी भिगवणच्या बाजारात वेळेवर पोचवावी, ही त्या होडीची घाई. दुसरी होडी असते हौशी प्रवाशांची. कुंभारगाव, डिकसळच्या काठावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी रात्रीच निघून आलेली असतात. छायाचित्राला कोवळे ऊन हवे असते. जाळे उचलण्याची आणि कॅमेरा उचलण्याची वेळ अशा रीतीने एकच येते.

मग दोहींकडून तक्रारी ऐकू येतात. हौशी मंडळींना वाटते की, जाळ्यांच्या पसाऱ्याने पक्षी बुजतात, काठावर मासळीचा वास येतो, आणि होडीवाला भाड्याचे पैसे मात्र वाजवून घेतो. मच्छीमाराला वाटते की, ही पोट भरलेल्यांची मौज आहे. इंजिनाच्या पंख्यात जाळे सापडून फाटले तर त्याची भरपाई कोणी देत नाही, आणि थंडी सरली की यांपैकी एकही माणूस इकडे फिरकत नाही. या दोन मनोवृत्तींना कोणी शिष्टाचाराचा प्रश्न समजतात आणि दोन्ही बाजूंना सभ्यतेचा उपदेश करून मोकळे होतात. वस्तुतः प्रश्न शिष्टाचाराचा नसून हक्काचा आहे.

हे पाणी मुळात साठले कसे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. उजनी धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल असा हा जलाशय. तो उभारताना सिंचनाचा हिशेब झाला, विजेचा झाला, पुढे शहरांच्या पिण्याच्या पाण्याचाही झाला. परंतु या पाण्यावर होडी चालवून जगणाऱ्या माणसासाठी त्या ताळेबंदात रकाना नव्हता. पिढीजात मासेमारी करणारा भोई समाज नदीकाठी होताच; ज्यांची काळी रान बुडाली, अशांपैकीही कित्येकांनी निरुपायाने जाळे हाती घेतले. एकेकाळी ज्या शिवारात औत चालत होते, त्याच शिवारावर आता वल्हे चालू लागले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. हौशी प्रवाशाला ते प्राचीन अवशेषाचे नयनरम्य दृश्य असते; काठावरील वृद्धेला ते तिच्या बुडालेल्या गावाचे देऊळ असते. एकाच नावेतून दोघांनी पाहिले तरी दोघांना दिसणारे पाणी एक नसते.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा भेद उपयोगी पडतो. मच्छीमाराच्या दृष्टीने होडी हे उत्पादनाचे साधन आहे; ती एक दिवस काठावर राहिली तर चूल थंडावते. हौशी माणसाच्या दृष्टीने तीच होडी उपभोगाची वस्तू आहे. त्याचा एक दिवस हुकला तर फार तर हिरमोड होतो. या दोघांना एकाच नियमाने समान लेखणे हे समतेचे नव्हे, विषमतेचेच लक्षण होय. मात्र गुंता असा की, भिगवणकाठी हे दोघे नेहमीच वेगळे नसतात. पहाटे पाहुण्यांना पक्षी दाखविणारा होडीवाला हाच अनेकदा रात्री जाळे टाकणारा मच्छीमार असतो. चार महिने त्याला पाहुण्यांकडून रोख पैसा मिळतो, आठ महिने पाण्यातून. म्हणून ‘पर्यटक चालते व्हा’ ही घोषणा त्याला मानवणारी नाही, आणि ती देण्याचा अधिकार काठावर बसलेल्या पुढाऱ्यालाही नाही. खरा प्रश्न एवढाच आहे की, पाहुण्याने मोजलेल्या रकमेतील किती भाग वल्हे मारणाऱ्याच्या हाती पडतो, आणि किती भाग शहरात बसून सहली जुळविणाऱ्या दलालाकडे व काठावर विश्रामगृह बांधणाऱ्या धनिकाकडे जातो.

या प्रश्नाचा पूर्वेतिहास पाहावयाचा तर इंग्लंडच्या कालव्यांकडे पाहावे लागते. आपल्याकडील कालवे शेतीला पाणी देण्यासाठी आहेत, त्यांतून मालाच्या नावा चालत नाहीत. इंग्लंडचे कालवे मात्र औद्योगिक क्रांतीच्या काळात कोळसा आणि माल वाहण्यासाठीच खोदले गेले. पुढे रेल्वे आली, वाहतुकीचे दर पडले, आणि नावाड्याला घरभाडे परवडेना. तेव्हा त्याने बायको-मुलांना नावेवर आणले. सात फुटांहून कमी रुंदीच्या नावेतील एका खोपट्यात कुटुंबे राहू लागली. बायका आणि मुले वेतनाविना राबू लागली. त्यांच्या हलाखीचा बोभाटा झाल्यावर १८७७ साली पार्लमेंटला त्यासाठी कायदा करावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कालव्यांवर हौशी नावा वाढू लागल्या. १९४६ साली जलमार्गांच्या रक्षणासाठी एक संघटना स्थापन झाली. तिचे दोन प्रमुख संस्थापक रॉबर्ट ॲकमन आणि टॉम रोल्ट. यांपैकी रोल्ट यांना मालवाहू नावाड्यांचे जीवन आणि कसब टिकावे याची तळमळ होती. ॲकमन यांचा आग्रह सरसकट सर्व कालवे खुले राहावेत असा होता. हा मतभेद विकोपाला गेला आणि १९५१ मध्ये रोल्ट यांना त्यांच्याच संघटनेतून बाहेर पडावे लागले. कालवे १९४८ साली राष्ट्राच्या मालकीचे झालेच होते. पण राष्ट्रीयीकरणाने नावाड्याला वाचविले नाही. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले, मालाचे ग्राहक रस्त्याकडे वळले, आणि अरुंद नावांवरील सरकारी मालवाहतूकही त्याच सुमारास गुंडाळण्यात आली. १९६८ च्या कायद्याने कालव्यांची वर्गवारी झाली आणि त्यांतील मोठा भाग नौकाविहारासाठी म्हणून राखला गेला.

या इतिहासात दोन धडे आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत. पहिला असा की, हौशी मंडळींनी आवाज उठविला नसता तर त्यांतील कित्येक कालवे बुजले असते. हौस ही नेहमीच श्रमाची वैरीण नसते. दुसरा असा की, कालवे वाचले, नावा वाचल्या, नावांवर रंगविलेली गुलाबाची फुले आणि किल्लेही वाचले. वाचला नाही तो नावाडी. त्याचे कसब शोभेची वस्तू झाले आणि तो स्वतः कारखान्यात किंवा बेकारीत गेला. सरकारी मालकी आली, परंतु पाण्यावर राबणाऱ्याचा कारभारातील वाटा आला नाही, हे त्यामागील कारण समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये.

केरळातही निराळे घडले नाही. भात वाहणाऱ्या मोठ्या नावा, म्हणजे केट्टुवल्लम, रस्ते आणि पूल झाल्यावर निकामी ठरल्या. १९९० नंतरच्या दशकात त्यांचे रूपांतर आलप्पुळा परिसरात पाहुण्यांच्या तरंगत्या घरांत झाले. काहींना रोजगार मिळाला, हे खरे. परंतु वेंबनाड सरोवरात त्यांतून जाणारे सांडपाणी आणि तेल यांची झळ प्रथम लागली ती तेथील मच्छीमाराला.

उजनीची गाडी याच वळणावर आहे. २०२४ साली राज्य शासनाने सोलापूर जिल्ह्यासाठी मंजूर केलेल्या पर्यटन आराखड्यात उजनीतील जलपर्यटनाला स्थान मिळाले. पर्यटनास विरोध करण्याचे कारण नाही. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जगातील कामगार लढला, तो विश्रांतीसाठी आणि मौजेसाठीही लढला. हडपसरच्या कामगाराने आपल्या मुलांना रोहित पक्षी दाखवावेत, होडीत बसवावे, यात वावगे काय? उलट, निसर्ग पाहण्याचा हक्क मोटारवाल्यांपुरता राहू नये, हीच आपली भूमिका असली पाहिजे. पण त्या कामगाराची मौज दुसऱ्या कामगाराच्या जाळ्यावरून जाणार नाही, याची व्यवस्था आराखड्यात आधी लिहिली गेली पाहिजे.

शासनाला या पाण्यावर कोणाची नाव दिसते, हे २१ मे २०२४ रोजी अत्यंत क्रूर रीतीने कळून आले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले; त्यांत लहान मुले होती. ती माणसे नौकाविहाराला निघाली नव्हती. धरणाने गावागावांमध्ये पाणी पसरविले, रस्त्याचा वळसा कित्येक कोसांचा झाला, आणि म्हणून ती रोजच्या व्यवहारासाठी बोटीत बसत होती. बोटीची तपासणी, माणसांची मर्यादा, अंगात घालावयाची जाकिटे, वाऱ्याची पूर्वसूचना, या गोष्टी पाहुण्यांसाठी आवश्यक असतील तर गावकऱ्यांसाठी शतपट आवश्यक आहेत. जलपर्यटनाचा धक्का बांधण्यापूर्वी गावकऱ्याचा उतार सुरक्षित झाला पाहिजे.

या पाण्यावर आणखी एक, तिसरी होडी आहे आणि तिच्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भीमा-घोडेच्या पात्रात यंत्राने वाळू उपसणारी बोट ती. महसूल खाते अधूनमधून अशा बोटी पकडते, जिलेटिनने उडवून देते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि काही दिवसांनी उपसा पुन्हा सुरू होतो. वाळू जाते तशी माशांची अंडी घालण्याची जागा जाते, काठ ढासळतो. त्यातच पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. मच्छीमार आणि पक्षीनिरीक्षक यांनी एकमेकांकडे डोळे वटारून पाहावे आणि या दोन्ही गोष्टींकडे कोणाचेच लक्ष जाऊ नये, यात हितसंबंधीयांची सोय आहे. स्वच्छ पाणी हे जाळ्यालाही हवे आणि पक्ष्यालाही हवे. या एका मागणीवर दोन्ही होड्या एकत्र येऊ शकतात, आणि कार्यकर्त्याचे काम त्या एकत्र आणण्याचे आहे.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी लढा देऊन १९९६ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघाकडे मिळविला आणि ठेकेदाराविना दहा वर्षे तो कारभार चालवून दाखविला. पुढे व्याघ्रप्रकल्पाचे कारण देऊन तो हक्क काढून घेण्यात आला. निसर्गरक्षणाच्या नावाने श्रमिकाला पाण्यावरून उठविता येते, हा इशारा त्यात आहे. परंतु बुडालेल्या गावांची माणसे जलाशय चालवू शकतात, हा दाखलाही त्यातच आहे. आपल्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटावे, भूमिहीनालाही वाटा द्यावा, हा विचार प्रत्यक्षात आणला होता. तोच विचार पाण्याच्या पृष्ठभागालाही लागू केला पाहिजे.

त्यातून निघणाऱ्या मागण्या सरळ आहेत. जलाशयावरील मासेमारी आणि नौकाविहार, दोहोंचे परवाने प्रथम धरणग्रस्तांच्या व मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना मिळावेत; ठेकेदाराला नव्हे. जाळ्यांची क्षेत्रे आणि प्रवासी होड्यांच्या वाटा व वेळा संस्थांनीच ठरवाव्यात. फाटलेल्या जाळ्याच्या भरपाईसाठी प्रत्येक फेरीमागे निधी कापावा. भाड्याचा दर उघडा लावावा. आणि मच्छीमारांनीही स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे: बारीक आसाची जाळी टाकून माशांची पिले उपसणे बंद करावे. हक्क मागणाऱ्याने उद्याचे पाणी आज ओरबाडता कामा नये.

सहकारी संस्था म्हटली की कोणाच्याही मनात शंका येईल, आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ती यावीच. सभासद कागदावर आणि सत्ता एका घरात, हे दृश्य येथे परके नाही. म्हणून संस्था नोंदविण्यापाशी कार्यकर्त्याचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. ज्याच्या हातात वल्हे आहे आणि जी बाजारात टोपली घेऊन बसते, ती दोघे सभेत बोलतात की नाहीत, हीच त्या संस्थेची कसोटी.

इनामगावच्या मातीखाली कोठार आणि त्याच्या शेजारचे मोठे घर सापडले. कोठाराची किल्ली त्या घरी राहिली असेल, तर त्या काळी तिला दुसरा पर्याय कोणाला सुचलाही नसेल. आज तो सुचलेला आहे, आजमावलेला आहे आणि हिरावूनही घेतला गेलेला आहे. उजनीच्या काठी तो पुन्हा मागावयाचा तर आराखड्याचे धक्के आणि विश्रामगृहे बांधून होण्यापूर्वी मागितला पाहिजे. कारण एकदा किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली की नावाड्याच्या वाट्याला उरते ते वल्हे आणि पाहुण्याच्या छायाचित्रातील एक कोपरा.