कारंजा, ४००० बैल आणि माझा फसलेला गेम

तर झालं असं की मागच्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकून मी मानोऱ्याला घरी गेलो होतो. माझी ताई तालुक्यातल्याच एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आहे, आणि लाइट असली तर इंटरनेटही. "तू एवढा कॉम्प्युटर इंजिनिअर, माझ्या पोरांसाठी काहीतरी करून दे की," हे ती दोन वर्षं ऐकवत होती.

चौथीला आपल्याकडे शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. म्हणून मी दोन वीकेंड बसून पावनखिंडीचा गेम बनवला. खिंडीच्या तोंडाशी बाजीप्रभू, समोरून येणारे सैनिक, प्रत्येक वाराला १० पॉइंट, मागे ढोल-ताशा. पोरं बेंचवर उभी राहून ओरडत होती. मी खूश!

दुसऱ्या दिवशी ताई तोच धडा तोंडी सांगत होती. १३ जुलै १६६०, खिंड, जखमांनी चाळण झालेले बाजीप्रभू, विशाळगडाच्या तोफा. दर वर्षी या जागी वर्ग चिडीचूप होतो म्हणे. या वेळी मागच्या बेंचवरून आवाज आला, "मॅडम, त्याचे अजून दोन लाइफ बाकी हायेत!" सगळा वर्ग हसला.

ताई मला काही बोलली नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाली, "तुझ्या गेममध्ये मेलेला माणूस तीन सेकंदांत उठतो रे." घास घशातच अडकला.

दोष प्रोजेक्टरचा नव्हता, माझा होता. मरण ही एकच गोष्ट त्या धड्यात खरी होती आणि मी तीच काढून टाकली होती. आता तर एआयला दोन ओळी लिहून दिल्या की धूळ, घोडे, तलवारींसकट लढाई तयार होते. शाळाशाळांतून असे व्हिडिओ चालतात आणि आपण त्याला 'इतिहास जिवंत करणं' म्हणतो. मला वाटतं आपण उलटंच करतोय.

तिसऱ्या दिवशी मी गेम उडवला आणि पडद्यावर गुगल अर्थ उघडलं. आधी मानोरा, मग उत्तरेला सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर कारंजा. सगळ्यांचं पाहिलेलं गाव. कोणाची मावशी तिथे, कोणाचा बाप कापूस घेऊन तिथे जातो. म्हटलं, १६७० साली महाराजांचं सैन्य इथवर आलं होतं. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली, वणी-दिंडोरीला मुघलांशी लढाई झाली, आणि त्यानंतर वऱ्हाडात उतरून हे श्रीमंत बाजारगाव लुटलं. जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की कापड, सोनं, चांदी असा माल ४००० बैल-गाढवांवर लादून नेला.

वर्ग शांत. मग एक मुलगी म्हणाली, "मंग सर, आपल्यालेच लुटलं का? आपण कोनाकडून होतो?"

पंधरा वर्षं कोड लिहितोय, पण इतका चांगला बग कोणी दाखवला नव्हता :)

उत्तर ताईनेच दिलं. वऱ्हाड तेव्हा मुघलांचा सुभा होता, इथला महसूल औरंगजेबाला जायचा. आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले एक लाख रुपये वसूल करायला त्याने महाराजांची वऱ्हाडातली जहागीर जप्त केली होती. लढायला पैसा लागतो, तो शत्रूच्या मुलखातून आणायचा, ही तेव्हाची रीत. सरकारच लिहितात की गावातला सगळ्यात मोठा सावकार बाईच्या वेशात निसटला, कारण बायकांना हात लावायचा नाही असा महाराजांचा हुकूम होता. पोरांना हे सगळं कळलं. महाराज त्यांच्यासाठी कणभरही लहान झाले नाहीत. उलट, राज्य चालवायला काय काय करावं लागतं ते पहिल्यांदा दिसलं.

मग गणित काढलं. कारंज्याहून राजगड सरळ रेषेत साधारण ४७० किलोमीटर. बैल दिवसाला २० किलोमीटर चालला तर? "साडेतेवीस दिवस!" लगेच दुसरा म्हणाला, "लादलेला बैल वीस नाही चालत, सर. अन् त्याले चारा कोन देते?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याच्या घरी बैलजोडी आहे.

वर्गातली अर्धी पोरं तांड्यावरची. बंजारा समाजाचं पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. ताईने सांगितलं की तुमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर फौजांना धान्य पुरवायचे. जंगी-भंगी नाईकांच्या तांड्यात १,८०,००० बैल होते असं परंपरा सांगते. ते नसते तर मोठमोठ्या फौजा उपाशी राहिल्या असत्या. मागच्या बेंचवरचा तो 'दोन लाइफ'वाला पोरगा ताठ बसला. लढाईत तलवार नसलेली माणसंही असतात, हे त्याला आपल्याच आज्यापणज्यांवरून कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांपासून युद्ध लपवू नका, रक्तही दाखवू नका. पडद्याचा उपयोग डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवायला करा: अंतर, वाट, नदी, चारा, खर्च, आणि जिंकणाऱ्याच्या वाटेत आलेलं गाव. शौर्य सांगायला पडदा लागत नाही. त्याला ताईसारखा एक माणूस लागतो, आणि नंतरची दोन मिनिटं शांतता. ती शांतता कुठल्याच सॉफ्टवेअरने भरू नये.

तुमच्यापैकी बरेच जण गावच्या शाळेला जुना लॅपटॉप, टॅब वगैरे देत असाल. जरूर द्या. पण सोबत एक दिवस स्वतःही जा, आणि तुमच्या गावावरून कोणकोणत्या फौजा गेल्या ते शोधून ठेवा. पोरं विचारणारच, "आपण कोनाकडून होतो?"

परवा ताईचा फोन आला होता. बाजीप्रभूंचा धडा तिने पुन्हा एकदा घेतला. या वेळी कोणी हसलं नाही.