बेळगावच्या वडगावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुप ॲडमिनना जाहीर आवाहन



गल्लीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा, भिशीचा, विणकरांचा, शिवाय मंगाईदेवीच्या यात्रेपुरता काढलेला आणि यात्रा होऊन गेली तरी चालूच राहिलेला. वडगावात एकेका मोबाईलवर किती ग्रुप आहेत, हे फोनवाल्यालाही सांगता येणार नाही. प्रत्येकाला ॲडमिन आहे. बहुतेक ठिकाणी त्याला कुणी निवडलेलं नसतं. ग्रुप त्याने काढला म्हणून तो ॲडमिन. हे आवाहन त्याला आणि तिला आहे.

२०२२ चा डिसेंबर आठवा. ६ तारखेला सीमेच्या वादातून हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. १४ तारखेला दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री दिल्लीत अमित शहांसमोर बसले. बैठकीनंतर शहांनी सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी यात तेल ओतलं आणि त्यावर गुन्हे दाखल होतील. तेव्हा ट्विटर उघडणारी माणसं आपल्या गल्लीत थोडीच होती. असला मजकूर आपल्याकडे येतो तो स्क्रीनशॉट होऊन, ग्रुपवरून. म्हणजे कुणा ना कुणा ॲडमिनच्या डोळ्यांदेखत.

आणि हे फक्त सीमेच्या भांडणापुरतं नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या माणसांना जमावाने ठार केलं. पोरं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्याआधी फिरत होते. त्याच महिन्यात आपल्याच कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या मुर्की गावी, हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर अशाच अफवेने गेला. तिथे पकडलेल्यांत ग्रुपचा ॲडमिनही होता.

“म्हणूनच आम्ही कशात पडत नाही, केस ॲडमिनवरच होते,” असं बरेच जण म्हणतात. २०१७ मध्ये भटकळला एका ॲडमिनला अटक झाली, तेव्हापासून ही धास्ती आपल्याकडे जास्तच. पण पुढचंही माहीत असावं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला सांगितलं, की सभासदाशी आधीच संगनमत नसेल तर त्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. हे निकाल आपल्या कर्नाटकच्या हायकोर्टाचे नव्हेत, हे खरं. पण नागपूरचं एक कारण होतं, की ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं यापलीकडे फारसं काही नाही. ते तेव्हाचं. २०२२ पासून दुसऱ्याने टाकलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय ॲडमिनला मिळाली आहे. हात लांब झालाय. तो खिशात घालून बसण्याचं कारण आता उरलेलं नाही.

हात लांब झाला की तो कुठेही चालतो, हीही अडचण आहेच. गटारीचा प्रश्न विचारला म्हणून माणसाला काढणारे ॲडमिन आहेत. कन्नडमधून लिहिलं म्हणून टोकणारेही आहेत, आणि मराठीतून लिहिलं म्हणूनही. इथे मराठी विकिपीडियाची रीत बघण्यासारखी आहे. २००३ पासून चालत आलेल्या त्या ज्ञानकोशात ॲडमिनला प्रचालक म्हणतात. इतर सदस्यांच्या कौलाने तो होतो, आणि त्याने एखादं पान वगळलं तर कुणी, कधी, का वगळलं याची नोंद कुणालाही वाचता येते. आपल्याला एवढा थाट नको. मेसेज पुसलात तर खाली एक ओळ लिहा, का पुसला म्हणून. माणसाला काढण्याआधी त्याला फोन करा.

एकटे ॲडमिन राहू नका. वेगवेगळ्या घरांतले तिघे करा, त्यात एक बाई हवी आणि एक कन्नड वाचणारा हवाच. महापालिकेची नोटीस कन्नडमध्ये आली तर तिचा मराठी मतलब त्याने खाली टाकावा. मराठी सूचनेचा कन्नड मतलबही. व्हिडिओ आला की पहिला प्रश्न: कुठला, कधीचा? उत्तर येत नसेल तर पुसा. टाकणारा कितीही वडीलधारा असो. “काका, चौकशी करून परत टाका” म्हटल्याने कुणाचा मान जात नाही.

गुड मॉर्निंगच्या फुलांशी आमचं वैर नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये विणकरांच्या घरांत पाणी शिरलं, माग पाण्यात बुडाले. तशा रात्री बळ्ळारी नाल्याच्या पाण्याची खबर फुलांखाली दबायला नको. पाऊस धरला, गावात तणाव झाला, की ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाका आणि निवळलं की मोकळा करा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

येत्या आषाढात मंगाईच्या यात्रेआधी एवढं व्हावं. ज्यांना वेळ नाही त्यांनी ॲडमिनपद दुसऱ्याला द्यावं. आणि गेल्या यात्रेचे, मागच्या निवडणुकीचे जे ग्रुप नुसते अफवांना वाट म्हणून उरलेत, ते बंद करावेत. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आपले,
वडगावातले काही गल्लीकर