स्टिकर आला, अपडेट राहिलं!

बाप्पा यायच्या आधीच व्हॉट्सॲपवर बाप्पाचे स्टिकर्स यायला लागतात आणि तुम्ही ते धडाधड फॉरवर्ड करता. यातला प्रत्येक स्टिकर म्हणजे 'वेबपी' फॉरमॅटमधली इमेज असते, हे माहितीये?

२०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. त्याआधी आठच दिवस गूगलनं क्रोमचं तातडीचं अपडेट काढलं. वेबपी इमेज उलगडणाऱ्या 'लिबवेबपी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'बफर ओव्हरफ्लो'ची फट सापडली होती. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं ती कळवली. तोवर हल्लेखोर ती वापरतही होते.

म्हणजे नेमकं काय? ॲडमिशनचा फॉर्म आठवा. नावासाठी २० चौकोन आहेत. कुणी मुद्दाम ४० अक्षरं भरली आणि ती शेजारच्या 'कार्यालयीन वापरासाठी' रकान्यात घुसून तिथे 'मंजूर' उमटलं तर? मेमरीतही तसंच होतं. ठरलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जातो आणि त्यातून हल्लेखोराचा कोड चालू शकतो. त्यासाठी खास बनवलेली एक इमेज पुरते.

हाच कोड फायरफॉक्स, एज आणि सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपमध्येही होता. चूक एकच, पण प्रत्येकाला अपडेट वेगळं काढावं लागलं.

'आपल्याला कोण हॅक करणार?' असं वाटतंय? २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलिंगमध्येही बफर ओव्हरफ्लोचीच फट निघाली. कॉल उचलायचीसुद्धा गरज नव्हती. तिच्यातून पेगससनं लक्ष्य केलेल्या सुमारे १४०० जणांत भीमा-कोरेगाव प्रकरणातले नागपूरचे वकील निहालसिंग राठोडही होते. आपण एवढे 'महत्त्वाचे' नाही, कबूल. पण खरी गोम पुढेच आहे. अपडेट आलं की फट कुठे होती, हेही उघड होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून इतर हॅकरही ती शोधू शकतात. मग 'नंतर' दाबणारे सोपं सावज ठरतात. त्यात मीही आहेच.

होस्टेलवर सेकंडहँड फोन घेताना आपण आधी कॅमेरा बघतो. यापुढे सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीखही बघा. ती दोन वर्षं जुनी असेल, तर स्वस्तातला फोन महागात पडू शकतो. आहे त्या फोनवर निदान ब्राउझर आणि ॲप्स तरी आज रात्री वाय-फायवर अपडेटला लावा. बाप्पा विघ्नहर्ता आहे खरा, पण ते बटण आपल्यालाच दाबायचंय!