पेन हरवलं की...

इथे तेरखेड्याजवळ महामार्गावर लूटमार झाली, की पोलीस यायच्या आधीच टपरीवर निकाल लागतो... "पारधीच असणार!" इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात हजेरी देत राहिली. कायदा १९५२ साली गेला. पण मी शिकवत असताना वर्गात पेन हरवलं, की पोरांच्या नजरा पारध्याच्याच लेकराकडे वळायच्या. ते बिचारं न विचारताच दप्तर उलटं करून दाखवायचं!

आणि आकडा टाकून वीज घेणारा? तो गावात हुशार, पंक्तीत मानाने बसतो. (आपल्या नातलगांतही आहेत मंडळी, नावं घेत नाही.) २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ प्रमाणे तीही चोरीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची.