गाडी विजेची, पण प्लग कोठे?

माल पोचविणाऱ्या आपल्या अनेक बांधवांनी पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून विजेवरची स्कूटर घेतली आहे. बंगलेवाल्याला तिच्या चार्जिंगची अडचण नाही. अडचण आहे ती तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची.

आमच्याच इमारतीतील एका बेकरीवाल्याने खिडकीतून वायर खाली सोडली. कमिटीने ती दुसऱ्याच दिवशी काढायला लावली. हे योग्यच झाले. पावसात भिजणारी, अर्थिंग नसलेली वायर म्हणजे जिवाशी खेळ. (बॅटरी काढून जिन्यात चार्जिंगला लावणारे त्याहून मोठी चूक करतात. आग लागली तर उतरायचे कोठून?) पण पार्किंगमध्ये प्लगची परवानगी मागणारा त्याचा अर्ज आठ महिने कपाटात पडून राहिला. आता तो रोज दुपारी ऐन धंद्याच्या वेळी बाहेरच्या चार्जिंग केंद्रावर ताटकळतो.

कमिटीचे म्हणणे, लोड वाढेल आणि बिल सर्वांच्या माथी बसेल. स्कूटरचा साधा घरगुती चार्जर सुमारे ७५० वॉटचा असतो, म्हणजे एक अश्वशक्तीच्या पाण्याच्या पंपाइतका. दहा गाड्या एकदम लागल्या तर लोडचा प्रश्न खरा आहे, तो वीज कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागेल. एका गाडीला ती सबब लागू पडत नाही.

बिलाच्या भीतीला तर आता आधारच उरलेला नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. त्यानुसार ग्राहकाने मागितल्यास चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी देणे वीज कंपनीवर बंधनकारक आहे. मीटर त्याचा, बिलही त्याचेच. नव्या जोडणीची मुदतही महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांवर आणली आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांतील किमान २० टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी ठेवण्यास सांगितले. पण आपली बहुतेक वस्ती जुन्या इमारतींत आहे, तेथे रहिवाशांनाच हालचाल करावी लागेल.

आपल्यातील परवानाधारक वायरमन बांधवांनी यात पुढे यावे. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची केबल, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी व पक्के अर्थिंग यांचा लेखी खर्च कमिटीपुढे ठेवला की निम्मे आक्षेप तेथेच गळतात. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. विषय त्याआधी लेखी द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. बेकरीवाल्याने पोच घेतली नव्हती.