चावी मिळाली, विक्रीखत कधी?

काही वर्षांपूर्वी मला परदेशातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. कर्जासाठी बँकेने तारण मागितलं. आईने पुनर्वसनात मिळालेल्या घराची फाइल पुढे केली. त्यात वाटपपत्र, हप्त्यांच्या पावत्या, लाइटबिल असं सगळं होतं. साहेबांनी ती चाळली आणि परत सरकवली. "हे राहण्याचं पत्र आहे, मालकीचं नाही." प्रवेश गेला. घरातली पहिली पदवीधर मी, पण ती फाइल मी तोवर एकदाही नीट वाचली नव्हती.

आता पीएचडीसाठी चेन्नईत राहते. इथल्या वसाहतींमध्ये घरोघरी तशीच फाइल दिसते.

तमिळनाडूत झोपडपट्टी निर्मूलन मंडळ 1970 मध्ये स्थापन झालं. 2021 मध्ये त्याचं नाव बदलून नागरी अधिवास विकास मंडळ झालं. 2000 पासून शहराच्या मध्यातल्या वस्त्या उठवून लोकांना कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम अशा टोकाच्या वसाहतींमध्ये नेलं गेलं. 2015 च्या पुरानंतर कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठावरची हजारो कुटुंबंही तिकडेच गेली. यातले बहुसंख्य दलित आहेत, हे तिथे एक दिवस घालवला तरी कळतं.

अनेक योजनांमध्ये पद्धत भाडेखरेदीची. आधी वाटपपत्र, मग वर्षानुवर्षं हप्ते, ते फिटले की विक्रीखत. पण विक्रीखतापाशी गाडी अडते. कुठे जमीन अजून महसूल खात्याच्या किंवा महापालिकेच्या नावावर असते. मंडळाच्याच नावावर जमीन नसेल तर ते रहिवाशाला काय देणार? कुठे मूळ वाटपधारक वारलेला असतो आणि वारसांची नोंद नसते. कुठे थकबाकीवर व्याज चढत जातं.

याच शहरात फ्लॅट घेणारा मध्यमवर्गीय सगळ्यात आधी 'यूडीएस' विचारतो, म्हणजे इमारतीखालच्या जमिनीतला आपला अविभाजित हिस्सा. इमारत जुनी होते, किंमत जमिनीला असते, हे त्याला पक्कं माहीत असतं. तमिळनाडूच्या 2022 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने पुनर्बांधणीसाठी दोन तृतीयांश मालकांची संमती पुरेशी मानली आहे. इथे 'मालक' हा शब्द महत्त्वाचा. ज्याच्या हातात फक्त वाटपपत्र आहे, त्याने मालक म्हणून कशाच्या जोरावर बोलायचं?

अधिकारी सांगतात, मालकी दिली तर हे लोक घर विकून पुन्हा झोपडीत जातील. मध्यमवर्गीयाने फ्लॅट विकला तर ती गुंतवणूक, आमच्या माणसाने विकला तर ती फसवणूक! हा न्याय जातीचाच आहे.

आपल्याला जमीन मिळाली तीही नेहमी अटींसह. महार वतनाची जमीन गावकीच्या राबणुकीला बांधलेली होती. ते बंधन सुटावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. तमिळनाडूत 1892 मध्ये अस्पृश्यांसाठी पंचमी जमिनी राखल्या गेल्या. पहिली दहा वर्षं त्या विकता येत नव्हत्या, आणि त्यानंतरही फक्त अस्पृश्यांनाच विकता येत होत्या. तरीही त्यातल्या कितीतरी इतरांच्या घशात गेल्या. 1994 मध्ये चेंगलपट्टू भागातल्या कारणै गावच्या पंचमी जमिनींसाठी आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात जॉन थॉमस आणि एळुमलै मारले गेले. आजचं पेरुंबाक्कम याच चेंगलपट्टू जिल्ह्यात येतं.

म्हणजे नुसता कागद जमीन राखत नाही, हे खरं. पण शंभर वर्षांनंतर लोक त्या जमिनींवर हक्क सांगू शकले, कारण सरकारदप्तरी नोंद होती. कागद नसेल तर लढाईला उभं राहायलाही जागा उरत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. चावी देण्याआधी जमीन मंडळाच्या नावावर व्हावी. विक्रीखतात जमिनीतला हिस्सा लिहिलेला असावा. वारसांच्या नोंदीसाठी शिबिरं वस्तीतच भरावीत. थकबाकीवरचं दंडव्याज माफ व्हावं. मुंबई-पुण्यातल्या पुनर्वसनाच्या इमारतींमध्येही हेच प्रश्न विचारायला हवेत.

आणि एक काम आपलं. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की ट्रंकेतली फाइल काढा. घर कुणाच्या नावावर, जमीन कुणाच्या नावावर, कोणता कागद कमी आहे, हे वाचा आणि आईवडिलांना समजावून सांगा. मग शेजाऱ्याची फाइल वाचा. आपल्या घरात वाचता येणारं माणूस आलं आहे, त्याचा पहिला उपयोग इथे व्हावा.